हौसेचा रंधा आणि पोटाचा रंधा

एकच काम दोन माणसांनीं केलें असतां त्याचें मोल आपण एकाच मापानें करतों काय, हा प्रश्न ऐकावयास साधा आहे. पण त्याचें प्रामाणिक उत्तर देणें तितकें साधें नाहीं. एखादे सेवानिवृत्त गृहस्थ गच्चीवर सागाच्या फळीला रंधा मारीत बसले, तर शेजारीपाजारी कौतुकानें पाहतात. ‘काय हा उत्साह या वयांत!’ असें म्हणतात. त्यांनीं केलेला पाट दिवाणखान्यांत मांडला जातो, आणि तो किंचित डुगडुगत असला तरी त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाहीं. त्याच फळीवर, तसल्याच रंध्यानें, चौपट सफाईनें एखादा सुतार आपल्या दारांत काम करूं लागला, कीं आपण घड्याळाकडे पाहतों, मजुरीची घासाघीस करतों, आणि त्याला चहा द्यावयाचा तो निराळ्या पेल्यांतून देतों. हात तसाच चालतो, सालपटें तशींच पडतात. मग एका कामास छंद म्हणावें व दुसऱ्यास मजुरी, एकास प्रतिष्ठा द्यावी व दुसऱ्याविषयीं संशय बाळगावा, हें कशावरून ठरतें?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांत भेटला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही मुलाच्या बिऱ्हाडीं, ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहराच्या एका उपनगरांत, चार महिने राहावयास गेलों होतों. मुलगा व सूनबाई सकाळीं कामावर जात, नात शाळेंत जाई, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या स्वच्छ, शांत घरांत वेळ कसा घालवावा हें आम्हांस सुचत नसे. सौभाग्यवतींनीं आठ दिवसांत दोन मराठी घरें शोधून काढलीं व त्यांच्याशीं घरोबाही केला. आम्ही मात्र खिडकींत बसून रस्त्यानें जाणाऱ्या मोटारी मोजीत असूं. आमची ही अवस्था पाहून शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं एके दिवशीं आम्हांस आपल्याबरोबर चलण्याचा आग्रह केला, व क्रीडांगणामागें असलेल्या एका पत्र्याच्या मोठ्या शेडमध्यें ते आम्हांस घेऊन गेले. आंत पाऊल टाकतांच ताज्या कापलेल्या लांकडाचा वास आला. वीसेक माणसें निरनिराळ्या बांकांपाशीं उभीं होतीं. त्यांतील बहुतेक आमच्याच वयाचीं. कोणी करवत चालवीत होता, कोणी काचकागदानें घोटीत होता, कोणी मोडकी खुर्ची उलटी करून तिच्या पायाकडे विचारमग्न मुद्रेनें पाहत होता.

ही सुतारकामाची मंडळी कोठून निर्माण झाली, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. घराच्या परसांत हत्यारांचें एक खोपट बाळगण्याची त्या देशांतील पुरुषांची जुनी रीत आहे. नोकरी संपलेल्या, लहान घरांत राहावयास आलेल्या किंवा पत्नी वारलेल्या माणसाचें तें खोपट जातें, आणि त्याबरोबर त्याचा दिवसही रिकामा होतो. तेव्हां अशा सर्वांसाठीं गांवांत एकच सामायिक खोपट असावें, ही कल्पना निघाली. १९९३ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील गूल्वा या गांवीं वृद्धांसाठीं अशी शेड सुरू झाली. १९९८ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील टोंगाला येथें उघडलेल्या शेडनें ‘मेन्स शेड’ हें नांव धारण केलें. २००७ सालीं देशभरच्या शेडांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि आज एकट्या ऑस्ट्रेलियांत त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. पुढें आयर्लंडमध्यें २०११ सालीं व ब्रिटनमध्यें २०१३ सालीं तशाच मध्यवर्ती संस्था निघाल्या. नांव पुरुषांचें असलें, तरी अनेक ठिकाणीं आतां स्त्रियाही सभासद असतात.

आम्ही पाहिलेल्या शेडचा क्रम साधा होता. आल्याबरोबर वहींत नांव लिहावयाचें. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावल्याखेरीज यंत्राजवळ जावयाचें नाहीं. आणि ज्याची परीक्षा झाली नाहीं त्यानें यांत्रिक करवतीस हात लावावयाचा नाहीं, मग तो बाहेर कितीही मोठा असो. साडेदहाला घंटा वाजे, यंत्रें थांबत, व सर्वजण एका लांब टेबलाभोवतीं चहाला बसत. चहाचे पैसे डब्यांत टाकावयाचे, आणि पेले आळीपाळीनें विसळावयाचे. काम म्हणाल, तर कांहीं स्वतःच्या घरचें व पुष्कळसें गांवाचें. बालवाडीच्या खुर्च्या दुरुस्त होत; नाताळांत ज्या मुलांना भेट मिळणार नाहीं त्यांच्यासाठीं लांकडी मोटारी व आगगाड्या तयार होत; आणि पोपटांसाठीं ढोलीसारख्या पेट्या बनत, कारण ढोल्या धरणारीं जुनीं झाडें तुटत चाललीं आहेत. लांकूडही बहुधा टाकाऊ, मालाच्या खोक्यांतून निघालेलें पाइनचें. चांगल्या जाराच्या किंवा ब्लॅकवुडच्या फळीला हात लावण्याचा मान जुन्या सभासदांचा.

पहिले कांहीं दिवस आम्हांस या प्रकाराचें थोडें हसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे. आयुष्यभर फायली चाळलेल्या माणसांनीं उतारवयांत आगगाड्या कराव्या, हें बालपण परत येण्याचेंच लक्षण नाहीं काय? परंतु तिसऱ्या आठवड्यांत एक प्रसंग घडला. आमच्या शेजारच्या बांकावर एक उंच, अबोल गृहस्थ काम करीत. ‘सुप्रभात’ यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. त्या दिवशीं आम्ही दोघे एकाच फळीचीं दोन टोकें धरून घोटीत होतों. हातांतील काचकागदावरील नजर न काढतां ते एकाएकीं म्हणाले, कीं आपली पत्नी वारल्यास आज एक वर्ष झालें, आणि सकाळीं आपण चुकून दोन पेले मांडले. आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलण्याजोगें आम्हांस सुचलेंही नाहीं. फळी घोटून होईतों दोघेही घोटीत राहिलों. चहाच्या वेळीं मात्र ते आमच्या शेजारीं येऊन बसले.

समोरासमोर बसून ‘आतां आपलें दुःख सांगा’ असें म्हटलें असतें, तर त्या गृहस्थांनीं टोपी घेऊन घरचा रस्ता धरला असता. दोन माणसांमध्यें तिसरी एक वस्तु असली, दोघांचेही डोळे तिच्यावर असले, म्हणजे मनाचा दरवाजा आपोआप किलकिला होतो. आमच्याकडे बायका एकत्र बसून शेवया वळीत, धान्य निवडीत, वाती करीत. त्या वेळीं जें बोलणें होई, तें केवळ बोलण्यासाठीं भरलेल्या सभेंत कधीं होत नसे. पुरुषांनीं अशीं ठिकाणें आपल्यासाठीं फारशीं ठेवलीं नाहींत. कट्टा आहे, वाचनालय आहे; पण तेथें मतें भेटतात, माणसें क्वचितच. काम करणाऱ्या मंडळींत माणसाला बोलण्याची सक्ती नसते व गप्प बसण्याची लाज नसते, आणि आमच्या मतें अशा मंडळीचा हा पहिला मोठा उपकार होय.

दुसरा उपकार याहून अवघड आहे. त्या शेडमध्यें एक निवृत्त बँक-व्यवस्थापक होते; बोलण्यांत अधिकार, चालण्यांत ऐट. एकदां ते रंधा मारीत असतां फळीचा पृष्ठभाग जागोजागीं उचकटूं लागला. पलीकडच्या बांकावरून, जन्मभर ट्राम चालविलेले एक सभासद आले, फळीवरून त्यांनीं बोटें फिरविलीं, आणि म्हणाले, ‘तुम्ही रेषेच्या उलट चाललां आहां, फळी फिरवा.’ व्यवस्थापकांनीं निमूटपणें फळी फिरविली. रंधा सुळकन गेला व कागदासारखें पातळ सालपट वर आलें. बँकेच्या कचेरींत त्यांच्या चुकीबद्दल त्यांना असें कोणी सांगितलें असतें काय, आणि सांगितलें असतें तर त्यांनीं ऐकलें असतें काय? येथें ऐकावें लागलें, कारण साक्ष ट्राम-चालकाची नव्हती, लांकडाची होती. मताच्या क्षेत्रांत आपण आपली चूक शब्दांनीं झांकूं शकतों. गुण्या लावल्यावर वांकडा कोपरा वांकडाच दिसतो, आणि तो हुद्दा विचारीत नाहीं.

येथें आम्हांस आपल्याकडील गोरोबा काकांची कथा आठवली. संतांच्या मेळ्यांत मुक्ताबाईंनीं गोरोबांना विचारलें, कीं यांतील पक्कीं मडकीं कोणतीं व कच्चीं कोणतीं तें सांगा; आणि गोरोबांनीं आपलें थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलें. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले, व तेंच मडकें कच्चें ठरलें. ही कथा आपण भक्तीच्या प्रांतांत सांगतों आणि नामदेवांना पुढें विसोबा खेचर गुरु मिळाले म्हणून समाधान मानतों. पण तिच्यांत आणखी एक गोष्ट आहे. परीक्षेचें हत्यार कुंभाराचें आहे, आणि परीक्षा घेण्याचा अधिकार त्याच्या धंद्यानें त्याला दिलेला आहे. ज्याला आपण हाताचा कारागीर म्हणतों, त्याच्या हातांत माणूस पारखण्याचें एक माप असतें, हें आमच्या परंपरेला माहीत होतें. तें माप आपल्या डोक्यावर पडूं देण्याची तयारी मात्र आम्हां शिकल्यासवरल्यांत थोडी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कोणी म्हणेल, कीं हौसेचें काम मोबदल्याविना होतें, म्हणून तें श्रेष्ठ. मजुरीचें काम पोटासाठीं होतें, म्हणून तें कनिष्ठ. हा विचार फार जुना आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे, कीं एखादी गोष्ट माणसानें स्वतःसाठीं, मित्रांसाठीं किंवा सद्गुणासाठीं केली तर ती स्वतंत्र पुरुषास शोभते. तीच दुसऱ्याच्या सांगण्यावरून केली तर दास्याची ठरते. त्याच्या आदर्श नगरांत कारागिराला नागरिकाचें स्थानही नव्हतें. आमच्याकडील सुशिक्षित मनुष्य ॲरिस्टॉटल वाचो अथवा न वाचो, सुताराकडे पाहतांना तो याच डोळ्यांनीं पाहतो; फक्त त्यांत जातीची भर घालतो. शिवाय गीतेचा आधार घेऊन असेंही म्हणतां येतें, कीं हौशी माणसाचें कर्म फळाची अपेक्षा न धरणारें, म्हणजे निष्काम आहे.

आम्हांसही कांहीं दिवस असें वाटलें होतें. तो भ्रम एका लहानशा खणानें दूर केला.

शेडमधील एका जुन्या सभासदांच्या देखरेखीखालीं आम्ही एक छोटी पेटी करावयास घेतली होती. तिला एक खण होता. खणाच्या पुढच्या फळीला बाजूच्या फळ्या कशा जोडाव्या, हा प्रश्न आला. आम्हीं खिळे मागितले. गुरुजींनीं मान हलविली. खण आपण नेहमीं पुढच्या फळीला धरून ओढतों, तेव्हां तीच फळी बाजूंपासून सुटूं पाहते. खिळा दिवसेंदिवस सैल होतो व एके दिवशीं फळी हातांत येते. त्यासाठीं बाजूच्या फळीचें टोक पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखें कापावयाचें, आणि पुढच्या फळींत त्याच आकाराच्या खांचा पाडून तें आंत बसवावयाचें. मग जितकें ओढावें, तितकी ती शेपटी अडकते. ऐकावयास हें सोपें आहे. आम्हांस त्या एका कोपऱ्याला तीन सकाळ लागल्या. पहिल्या वेळीं करवत रेघेच्या आंत गेली. दुसऱ्या वेळीं पटाशीनें खांच फुटली. तिसऱ्या वेळीं सांधा बसला, पण त्यांत नखाएवढी फट राहिली. ती सरस व भुसा भरून आम्हीं झांकली. कोणास दिसूं नये म्हणून पेटी ठेवतांनाही ती बाजू भिंतीकडे ठेविली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट मनांत येऊन बसली. आमच्या पुण्याच्या घरीं एका मिस्त्रींकडून आम्हीं सागवानी कपाट करून घेतलें होतें. त्याला खालीं तीन खण होते. काम ठरल्याहून दोन दिवस लांबलें. आम्ही पाहावयास गेलों, तों मिस्त्री खणाच्या मागच्या व खालच्या बाजूला रंधा मारीत बसलेले. आणि सांधे असेच, पारव्याच्या शेपटीचे. ‘जें कोणाला दिसत नाहीं त्यावर दोन दिवस कशाला घालविले?’ असें विचारून आम्हीं त्या दोन दिवसांची मजुरी कापली. मिस्त्री एवढेंच म्हणाले, ‘साहेब, दिसत नाही खरं, पण ओढणाऱ्या हाताला कळतं.’ त्या वेळीं आम्हांस तें उत्तर उर्मट वाटलें. खण मात्र तीस वर्षें बोटाच्या स्पर्शानें सरकत आहेत, आणि आम्ही तें गृहीत धरीत आलों.

आतां निष्काम कोणाचें काम, तें वाचकांनींच ठरवावें. आम्हांस पैसा नको होता, पण कौतुक हवें होतें. फट भिंतीकडे वळविणारा माणूस फळाची इच्छा सोडून बसलेला नसतो. त्याचें फळ नाण्यांत मोजलें जात नाहीं, इतकेंच. मिस्त्री पोटासाठीं काम करीत होते. मजुरी त्यांना हवी होती, व ती मागण्याचा त्यांना हक्कही होता. पण ज्या बाजूला कधीं कोणी पाहणार नव्हतें, त्या बाजूवर त्यांनीं रंधा मारला, आणि त्याबद्दल पैसे कापले गेले तरी खण बिघडवून सूड घेतला नाहीं. मोबदला घेतल्यानें कर्म मलिन होत नाहीं आणि न घेतल्यानें तें शुद्ध होत नाहीं. कामाची शुद्धता पारखावयाची ती न दिसणाऱ्या बाजूवर पारखावी, हें आम्ही त्या खणापासून शिकलों.

मग हौशी मंडळी निरर्थक आहे काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. स्वतः तीन सकाळ घालविल्या नसत्या, तर त्या दोन दिवसांचा अर्थ आम्हांस मरेपर्यंत कळला नसता. ही गोष्ट जाणूनच कांहीं थोर शिक्षकांनीं शाळेंत सुतारकाम आणलें. फिनलंडमध्यें ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नानें १८६६ सालीं लोकशाळांच्या शिक्षणक्रमांत हस्तकलेस स्थान मिळालें. स्वीडनमध्यें नेस येथें ऑटो सालोमन यांनीं ‘स्लॉइड’ नांवाची पद्धति व्यवस्थित बसविली व देशोदेशींचे शिक्षक ती शिकावयास तेथें येऊं लागले. मुलांना सुतार करणें हा त्यांचा हेतु नव्हता. नीटनेटकेपणा, स्वावलंबन आणि अंगमेहनतीविषयीं आदर हे गुण त्यांना लांकडांतून शिकवावयाचे होते. आपल्याकडे १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची कल्पना मांडली, व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें तिला आकार दिला. ती योजना आपल्या शाळांत का रुजली नाहीं याचीं कारणें अनेक आहेत. पण एक कारण सांगावयास आम्हांस लाज वाटते, तें हें, कीं मुलानें टकळी वा करवत हातीं धरावी हें आम्हां मध्यमवर्गीयांना मनापासून नकोच होतें. परीक्षेचे गुण जेथें मिळतात, तेथें आमचें लक्ष होतें.

येथेंच आमच्या समाजाचा व त्या परक्या शेडचा फरक ध्यानांत घेतला पाहिजे. आमच्या गांवांत सुतार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. नांगर, पाभर, गाडीचीं चाकें, घराचें आढें यांवांचून कुणब्याचें पान हलत नसे. त्याबद्दल सुताराला सुगीच्या वेळीं धान्याच्या रूपानें बलुतें मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत या व्यवस्थेचें बारकाईनें वर्णन आहे. तिच्यांत निश्चितपणा होता, पण निवड नव्हती. सुताराच्या पोरानें वाकस धरावयाचें, आणि ज्याच्या घरांत पोथी होती त्यानें वाकसाला शिवावयाचें नाहीं. ज्ञान एका बाजूला व हात दुसऱ्या बाजूला, अशी ही वांटणी आम्हीं शेंकडों वर्षें चालविली. बलुतें गेलें, पण वांटणी मनांत राहिली.

अशा समाजांत हौसेच्या सुतारकामाला एक धोका आहे. श्रमाचा आनंद तेवढा आपण उचलावयाचा, आणि ज्यानें तो श्रम पिढ्यान्‌पिढ्या जतन केला त्याला दाराबाहेर उभें ठेवावयाचें, असें सहज होऊं शकेल. परदेशी बनावटीचा रंधा मागवून, त्याचें छायाचित्र काढून आपण श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देऊं, आणि त्याच दिवशीं घरच्या दरवाजाचें बिजागर बदलणाऱ्याशीं पन्नास रुपयांसाठीं हुज्जत घालूं. पूर्वीं आम्हीं कारागिराची विद्या हलकी मानली. आतां विद्या थोर मानूं आणि कारागीर हलका ठेवूं. हा दुसरा अन्याय पहिल्याहून अधिक सभ्य दिसतो, म्हणून तो अधिक टिकेल अशी आम्हांस भीति वाटते.

पुण्यास परतल्यावर आम्ही त्या मिस्त्रींचा शोध काढला. ते आतां थकले आहेत. मुलगा दुसऱ्या धंद्यांत आहे, आणि स्वतः ते लहानसहान दुरुस्त्या करतात. आम्हीं जुनी गोष्ट काढून कापलेली मजुरी त्यांच्यापुढें ठेविली. त्यांना ती गोष्ट आठवतच नव्हती. ‘असे पुष्कळ असतात, साहेब. कोणाकोणाचं ध्यानात ठेवायचं?’ असें म्हणून ते हसले. आम्हीं पैसे घेण्याचा आग्रह केला, तेव्हां म्हणाले, ‘हे राहू द्या. पुढलं काम द्याल तेव्हा त्याचे वेळेवर द्या.’ क्षमा मागून मोकळें होण्याची आम्हीं जी तयारी केली होती, ती तेथें उपयोगी पडली नाहीं. त्यांना आमचा पश्चात्ताप नको होता, व्यवहार हवा होता.

तो व्यवहार कसा असावा याचा आम्हीं एक लहानसा प्रयोग केला. आमच्या वसाहतींत सायकली ठेवण्याची एक खोली रिकामी पडली होती. तेथें सातआठ जणांनीं मिळून दोन बांक व थोडीं हत्यारें मांडलीं, आणि मिस्त्रींना आठवड्यांतून दोन दिवस शिकवावयास बोलाविलें. शुल्क किती द्यावें यावर पहिल्याच बैठकींत वाद झाला. त्यांनीं सांगितलेला आंकडा ऐकून ‘एवढे?’ असा उद्गार निघाला, आणि एका सदस्यानें शहरांतील मजुरीचा दरही ऐकविला. संगीताच्या किंवा इंग्रजीच्या शिकवणीला आपण याहून किती अधिक देतों, हें कोणी बोललें नाहीं. आम्हीं तें बोललों, तेव्हां थोडा वेळ शांतता झाली. अखेर आंकडा मान्य झाला. दुसऱ्या आठवड्यांत एका सभासदांनीं ‘आलाच आहांत तर आमचा दरवाजा तेवढा पाहून जा’ असें त्यांना सुचविलें. मिस्त्रींनीं दरवाजा पाहिला, आणि दुरुस्तीचे पैसे निराळे सांगितले. ते गृहस्थ आतां येत नाहींत. बाकीचे येतात. आरंभीं ‘ए मिस्त्री’ म्हणणारे दोघेजण आतां ‘मिस्त्रीकाका’ म्हणूं लागले आहेत; तें त्यांना कोणी शिकविलें नाहीं. स्वतःच्या हातून चार सांधे बिघडल्यावर जीभ आपोआप नरमली असावी. सर्वांचीच नरमली, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. हौसेचा रंधा व पोटाचा रंधा यांत उच्चनीच नाहीं. पण ऋण आहे, आणि तें हौशी माणसाकडे निघतें. ज्याला पोटाची चिंता नाहीं त्याला चुकण्याची मोकळीक मिळते, आणि त्या मोकळिकींतून त्याला कामाचें खरें मोल कळतें. तें कळल्यावर त्यानें दारांतल्या कारागिराशीं पूर्वींप्रमाणेंच वागावें, तर त्याची हौस हा एक खर्चिक करमणुकीचा प्रकार ठरेल. तें कळून त्याचा व्यवहार बदलला, तर मात्र त्याच्या हातून झालेला डुगडुगता पाटही समाजाच्या उपयोगी पडला, असें आम्ही समजूं. अशी मंडळी गांवोगांवीं निघावी असें आम्हांस वाटतें. अट एवढीच, कीं तिच्या बांकापाशीं कारागीर शिक्षक म्हणून उभा असावा, त्याचें शुल्क ठरलेल्या दिवशीं त्याच्या हातीं पडावें, आणि त्याचा शब्द तेथें अखेरचा असावा.

मेलबर्नची ती पेटी आम्हीं बरोबर आणली होती. गेल्या महिन्यांत ती मिस्त्रीकाकांना दाखविली. त्यांनीं ती हातांत घेतली, उलटी केली, आणि सरसानें झांकलेल्या त्या फटीवर नेमकें बोट ठेवलें. ‘हा कोपरा परत करा,’ म्हणाले. आम्हीं तो परत करावयास घेतला आहे.